टिपेश्वरचा वाटसरू

दिवाळी सरली म्हणजे यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या रानात कापूस फुटू लागतो. पऱ्हाटी पुरुषभर वाढलेली असते, मधूनमधून तुरीचे तास पिवळ्या फुलांनी डवरलेले असतात, आणि सकाळच्या धुक्यात शेताचा दूरचा धुरा दिसेनासा होतो. वर्षभराच्या कष्टाचे फळ आता हाताशी आलेले असते. म्हणूनच या दिवसांत कास्तकाराच्या डोळ्याला डोळा लागत नाही. शेताच्या मध्यभागी चार लाकडांचे मचाण उभारून तो जागल करतो. रोह्यांचा कळप तुरीत शिरू नये, रानडुकरांनी ज्वारीचे ताट मोडू नये, म्हणून तो रात्रभर मधूनमधून डबा वाजवतो, हाळी देतो, शेकोटीत एखादे ओंडके सारतो. शेजारच्या मचाणावरून त्या हाळीला हाळी मिळते, आणि मग पुन्हा सारे शांत होते.

सन २०१९ च्या हिवाळ्यात अशाच कित्येक रात्री विदर्भाच्या शेतांमधून एक वाटसरू चालत गेला. त्याच्या पावलांचा आवाज झाला नाही. त्याने कोणाला हाळी दिली नाही आणि कोणाच्या हाळीला ओ दिली नाही. मचाणावरचा कास्तकार डबा वाजवत राहिला, नाल्याच्या काठाने तो वाटसरू पुढे सरकत राहिला, आणि दोघांपैकी एकालाच दुसऱ्याची जाणीव होती. तो वाटसरू होता टिपेश्वरच्या जंगलात जन्मलेला एक तरुण वाघ.

टिपेश्वर अभयारण्य यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पांढरकवडा आणि घाटंजी या गावांच्या परिसरात पसरले आहे. टिपाई देवीच्या नावावरून त्याचे नाव पडले. सागाची झाडे, बांबूची बेटे, उतारावरची गवताळ कुरणे आणि बारमाही पाणी यांमुळे हे रान उन्हाळ्यातही पुष्कळसे हिरवे राहते. चितळ, सांबर, रोही, रानडुक्कर, अस्वल असे नाना प्राणी तेथे नांदतात. जेथे चितळ-सांबर पोटभर चरतात, तेथे वाघही सुखाने राहतो. मात्र या जंगलाचा विस्तार आहे अवघा एकशे अठ्ठेचाळीस चौरस किलोमीटरांच्या थोडा वर. माणसाला हा विस्तार मोठा वाटेल. वाघाला तो लहान पडतो.

वाघाच्या घराची रीतच तशी आहे. पिल्ले सुमारे दोन वर्षे आईजवळ राहतात. शिकार कशी हेरावी, पाणवठ्यावर कसे दबा धरून बसावे, माणसाच्या वाटेतून केव्हा बाजूला व्हावे, हे सारे ती आईच्या मागे मागे हिंडून शिकतात. पुढे एक दिवस असा येतो, की आई त्यांना जवळ येऊ देत नाही. मादी पिल्ले बहुधा आईच्या शेजारीपाजारी जागा शोधतात. नर पिल्लाला मात्र दूर जावे लागते. त्या रानाचा धनी असलेला मोठा नर वाघ दुसऱ्या नराला तेथे थारा देत नाही. तेव्हा तरुण वाघाला घर सोडून नवे रान शोधावे लागते. ते कोणत्या दिशेला आहे, किती दूर आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

असे घर सोडून गेलेले वाघ जातात तरी कोठे? या प्रश्नाचे नेमके उत्तर फार दिवस कोणापाशी नव्हते. जुन्या काळी वनरक्षक सकाळी उठून पाणवठ्याची ओली माती पाही. मातीत पंजाचा ठसा उमटलेला असला, तर त्यावर काच ठेवून त्याची आकृती काढून घेई. त्यावरून वाघ आहे की वाघीण, मोठा आहे की लहान, याचा अंदाज बांधला जाई. पुढे जंगलातील झाडांना आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे बांधण्यात आले. प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे निराळे असतात. माणसाच्या बोटांचे ठसे जसे दुसऱ्याशी जुळत नाहीत, तसेच हे. त्यामुळे छायाचित्रावरून एकेक वाघ ओळखता येऊ लागला. परंतु ठसा काय किंवा छायाचित्र काय, दोन्ही एवढेच सांगतात, की वाघ येथे होता. तो पुढे कोणत्या वाटेने गेला, याबाबत दोन्ही मुकी असतात.

हे जाणून घेण्याची निकड यवतमाळइतकी क्वचितच कोठे भासली असेल. याच जिल्ह्यातील राळेगाव आणि पांढरकवड्याच्या परिसरात काही वर्षे मोठी दहशत पसरली होती. बारा-तेरा माणसांच्या मृत्यूशी 'अवनी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका वाघिणीचे नाव जोडले गेले. गुराखी रानात जाईनासे झाले, बाया एकेकट्या शेतात जाण्यास धजेनाशा झाल्या, अंधार पडण्यापूर्वी दारे लागू लागली. अखेर नोव्हेंबर २०१८ मध्ये त्या वाघिणीला गोळी घालण्यात आली. तिच्या मृत्यूने काही घरांना दिलासा मिळाला, कित्येकांना हळहळ वाटली, आणि देशभर वाद झाला. ज्या घरांतला कर्ता माणूस गेला होता, त्या घरांचे दुःख वादाने कमी झाले नाही. वाघीण मेली म्हणून वाघ आणि माणूस यांच्या वाटा एकमेकींना छेदायच्या थांबल्या, असेही झाले नाही.

त्यानंतर चारच महिन्यांनी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, टिपेश्वरच्या रानात देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे शास्त्रज्ञ आणि महाराष्ट्राच्या वनखात्याची माणसे एका तरुण वाघाच्या मागावर होती. त्यांच्या हाती होती ती झोपेचे औषध भरलेली सुई सोडणारी बंदूक. सुमारे दोन वर्षांचा तो नर वाघ कागदोपत्री 'टी-१ सी-१' म्हणून नोंदलेला होता. म्हणजे टिपेश्वरमधील पहिल्या क्रमांकाच्या वाघिणीचे पहिले पिल्लू. औषधाने वाघ निजला, की काम फार झटपट उरकावे लागते. त्याचे डोळे कापडाने झाकतात, श्वास नीट चालतो आहे ना हे पाहतात, अंग तापू नये म्हणून काळजी घेतात, आणि मग गळ्यात पट्टा बांधतात. तो इतका घट्ट नसावा, की वाढत्या वयात गळ्याला काचेल. आणि इतका सैल नसावा, की झुडपात अडकेल. मग उतारा म्हणून दुसरे औषध टोचून माणसे दूर होतात. थोड्या वेळाने वाघ डोळे उघडतो, डगमगत उठतो आणि झाडीत नाहीसा होतो.

या पट्ट्यात असते तरी काय? एक छोटे यंत्र आणि त्याला चालविणारी विजेची बॅटरी. पृथ्वीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून काही कृत्रिम उपग्रह अहोरात्र प्रदक्षिणा घालीत असतात. प्रत्येक उपग्रह आपण कोठे आहोत आणि या क्षणी किती वाजले आहेत, एवढाच निरोप सतत प्रक्षेपित करीत असतो. पट्ट्यातील यंत्र तो निरोप ऐकते. निरोप पोचायला क्षणाचा जो अतिसूक्ष्म भाग लागला असेल, त्यावरून तो उपग्रह किती दूर आहे हे यंत्र ताडते. असे चार उपग्रहांपासूनचे अंतर कळले, की पृथ्वीच्या पाठीवरील आपली जागा त्याला निश्चित करता येते. ती जागा यंत्र नोंदवून ठेवते आणि शास्त्रज्ञांकडे धाडते. या वाघाची जागा दर तासाला नोंदली जात होती. वाघ बांबूच्या बेटात झोपलेला असो की मध्यरात्री नाला ओलांडत असो, तासातासाला नकाशावर एक ठिपका उमटत होता.

जमिनीवरच्या प्राण्याची वाट अशी काढता येते. परंतु जे प्रवासी पाण्याखालून जातात, त्यांचे काय? पट्ट्याला ऐकू येणारा उपग्रहांचा निरोप समुद्राच्या खाऱ्या पाण्यात शिरू शकत नाही. वीतभर खोल गेले, की तो विरून जातो. म्हणून माशांसाठी शास्त्रज्ञांनी निराळी युक्ती योजली. ट्यूना म्हणजे आपल्या कोकणातला कुपा. त्याच्यासारख्या मोठ्या माशाच्या पाठीवर ते एक लहानशी नळी अडकवून देतात. ती नळी पाण्याची खोली, उष्णता आणि उजेड यांची नोंद करीत राहते. उजेडावरून सूर्योदय केव्हा झाला आणि सूर्यास्त केव्हा, हे कळते. दिवस किती मोठा होता यावरून मासा उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, आणि मध्यान्ह केव्हा झाली यावरून तो पूर्वेस आहे की पश्चिमेस, याचा अंदाज करता येतो. ठरलेला दिवस आला, की नळी आपोआप सुटते, तरंगत वर येते आणि साठवलेली सारी हकीकत उपग्रहाला सांगून टाकते. जपानजवळ जन्मलेले काही ट्यूना मासे अफाट प्रशांत महासागर ओलांडून अमेरिकेच्या किनाऱ्याला जातात आणि पुढे परत येतात, ही गोष्ट माशांना अशा खुणा बांधल्यामुळेच पक्की झाली.

कोकणच्या किनाऱ्यावरही असा प्रयोग झाला. समुद्री कासवाला श्वास घेण्यासाठी पाण्यावर यावे लागते. तेवढ्या संधीत त्याच्या पाठीवरचे यंत्र उपग्रहाशी बोलून घेते. जानेवारी २०२२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे अंडी घालावयास आलेल्या एका ऑलिव्ह रिडले कासविणीच्या पाठीवर असे यंत्र बसविण्यात आले. तिचे नाव ठेवले 'प्रथमा'. पुढल्या वर्षी गुहागरहून निघालेली 'बागेश्री' तर दक्षिणेकडे पोहत पोहत श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. ज्या जीवांना आपण एका किनाऱ्याचे समजत होतो, त्यांना दोन्ही समुद्र आपलेच वाटत होते. वाघाच्या गळ्यातला पट्टा आणि कासवाच्या पाठीवरचे यंत्र, ही दोन्ही एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करीत होती: आपल्या नजरेआड गेलेला प्राणी कोणत्या वाटेने जातो?

टिपेश्वरचा वाघ पट्टा बांधल्यानंतर काही दिवस जन्मभूमीच्या आसपासच रेंगाळला. मग मृगाचा पाऊस पडला, नाले वाहू लागले, रान गच्च झाले, आणि जून २०१९ मध्ये नकाशावरील ठिपके अभयारण्याच्या सीमेबाहेर पडू लागले. वाघ निघाला होता. तो दक्षिणेकडे उतरून तेलंगणाच्या आदिलाबाद भागात गेला. तेथे त्याचा जीव रमला नाही. तेथून तो पुन्हा महाराष्ट्रात शिरला आणि पैनगंगेच्या खोऱ्यातील रानांत वावरला. पुढे तो पश्चिमेकडे सरकत राहिला. हिंगोली, वाशीम, अकोला असे एकेक जिल्हे मागे पडत गेले. त्याची चाल सरळ मुळीच नव्हती. तो कधी दोन दिवसांची वाट चालून मागे फिरे, कधी एकाच नाल्याकाठी घुटमळे, कधी एका रात्रीत पुष्कळ अंतर तोडून जाई. ज्याला मुक्काम ठाऊक नसतो, त्याची वाट अशीच वेडीवाकडी असते. डिसेंबर २०१९ च्या आरंभी, सुमारे तेराशे किलोमीटर चालून, तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला.

टिपेश्वरपासून ज्ञानगंगेपर्यंतचे अंतर पक्ष्याच्या उड्डाणाने मोजले, तर ते सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास भरेल. वाघाला ते गाठण्यासाठी त्याच्या सहापट चालावे लागले. ज्ञानगंगेत पोचल्यावरही त्याचे पाय थांबले नाहीत. त्या रानात आणि भोवतालच्या डोंगरांत तो हिंडतच राहिला. नऊ महिन्यांत मिळून त्याच्या पायांखालून सुमारे तीन हजार किलोमीटर वाट गेली, आणि पाच हजारांहून अधिक ठिकाणी त्याची नोंद झाली. भारतात पट्टा बांधलेल्या कोणत्याही वाघाची एवढी लांब वाटचाल त्यापूर्वी नोंदली गेली नव्हती. लोकांनी त्याला 'वॉकर' म्हणजे 'चालणारा' असे नाव दिले. इंग्रजी असले, तरी नाव अन्वर्थक होते. पंढरीच्या वाटेवर वर्षानुवर्षे चालणाऱ्या मुलखात जन्मलेल्या वाघाला ते शोभूनच दिसले.

या पाच हजार ठिपक्यांचे जेव्हा शास्त्रज्ञांनी वाचन केले, तेव्हा एक नवल ध्यानात आले. वाघाने काढलेली वाट घनदाट अरण्यातून फार थोडी आणि माणसांच्या वस्तीजवळून पुष्कळ गेली होती. त्याने नद्यांचे आणि नाल्यांचे काठ धरले, मोठमोठे रस्ते ओलांडले, शेते तुडवली. दिवसा तो एखाद्या झुडपाच्या जाळीत किंवा उभ्या पिकात पडून राही. रात्री माणसे निजली, की उठून चालू लागे. हिवाळ्यात उंच वाढलेल्या पऱ्हाटीने त्याला आडोसा दिला. जो कापूस वेचण्यासाठी बाया सकाळी शेतात उतरत, त्याच कापसाच्या तासांतून कित्येकदा पहाटे तो निघून गेलेला असे. अंतर किती, तर एका सूर्योदयाचे!

या वाटेवर त्याने रानडुकरे मारली आणि पाळीव जनावरेही मारली. ज्याच्या गोठ्यातली गाय किंवा बैल गेला, त्याचे नुकसान लहान नसते. वनखाते अशा नुकसानीची भरपाई देते. परंतु पेरणीच्या दिवसांत बैल गेला, तर हाती येणाऱ्या रुपयांनी त्या दिवशीचे औत चालत नाही. माणसाला इजा झाली, ती मात्र एकदाच. जाळीत विसावलेल्या वाघाच्या अगदी जवळ काही माणसे जाऊन पोचली आणि त्यांतला एक जण जखमी झाला. त्या जखमी माणसाच्या वेदनेला कोणी क्षुल्लक म्हणू नये. तरीही तीन हजार किलोमीटर, नऊ महिने, वाटेत किती गावे, किती पांदणी, किती गुराखी! एवढ्या प्रवासात संघर्षाचा तो एकच प्रसंग घडला. वाघ माणसाच्या शोधात हिंडतो, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत या ठिपक्यांपुढे टिकली नाही. तो माणसाला टाळीत टाळीत चालला होता. त्याला हवे होते पाणी, सावज, आडोसा आणि एक सोबतीण.

या शेवटच्या गोष्टीनेच त्याच्या कथेला करुणेचा स्पर्श होतो. ज्ञानगंगेचे रान दोनशे पाच चौरस किलोमीटरांचे. तेथे पाणी होते, रोही होते, रानडुकरे होती, बिबटे होते. नव्हता तो दुसरा वाघ. ज्या दुसऱ्या नराच्या धाकाने त्याला घर सोडावे लागले, तसा कोणी तेथे नव्हता, हे खरे. पण ज्या वाघिणीसाठी घर मांडायचे, तीही नव्हती. रात्री वाघ आपली खूण झाडांवर ठेवतो, डरकाळी देतो, आणि उत्तराची वाट पाहतो. ज्ञानगंगेच्या डोंगरांतून त्याला उत्तर आले नाही. तेथे एखादी वाघीण आणून सोडावी काय, असा विचार जाणकारांमध्ये झाला. एवढ्याशा रानात वाघांचे कुटुंब वाढले, तर त्यांची पिल्ले पुढे कोठे जाणार, हाही प्रश्न त्याबरोबर उभा राहिला. टिपेश्वरला जो प्रश्न पडला होता, तोच ज्ञानगंगेला पडणार होता.

एप्रिल २०२० मध्ये वाघाच्या गळ्यातील पट्टा काढण्यात आला. बॅटरीची शक्ती बहुतांशी सरली होती. नकाशावरचे ठिपके तेथेच थांबले. वाघ मात्र थांबला नसेल. तो पुन्हा पूर्वीसारखा रानाचा झाला. कोणाच्याही वहीत नोंद नसलेला, कोणालाही जाब न देणारा. जन्मभर पट्टा बांधून एखाद्या जीवावर नजर ठेवावी, हे शास्त्रालाही मान्य नाही. थोडे दिवस त्याच्या मागे जावे, शिकायचे ते शिकावे आणि त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे, यातच औचित्य आहे.

मग त्या नऊ महिन्यांत माणसाने मिळविले तरी काय? शाळेच्या भिंतीवरील नकाशाकडे पाहिले, तर अभयारण्ये हिरव्या रंगाच्या लहान लहान बेटांसारखी दिसतात. त्यांच्या मध्ये शेते, गावे आणि रस्ते पसरलेले असतात. वाघाच्या ठिपक्यांनी दाखवून दिले, की ही बेटे एकमेकांपासून तुटलेली नाहीत. एखादा नाला, त्याच्या काठची करंजाची आणि बाभळीची झाडी, दोन टेकड्यांमधली गवताची पट्टी, उभ्या पिकाचे शेत, अशा बारीक धाग्यांनी ती अजून जोडलेली आहेत. हे धागे सरकारी कागदावर जंगल म्हणून नोंदलेले नसतात. त्यामुळे ते सहज तुटतात. नाल्याची झाडी एका उन्हाळ्यात तोडली जाते, टेकडीची पट्टी खणली जाते, रुंद रस्ता आडवा पडतो. माणसाला वाटते, की चार झाडे गेली. पुढल्या पावसाळ्यात घर सोडून निघालेल्या वाघाला वाट सापडत नाही, आणि वाट चुकलेला वाघ गावात शिरतो.

वाट ठाऊक झाली, तर ती राखताही येते. नागपूरहून दक्षिणेकडे जाणारा मोठा राष्ट्रीय महामार्ग पांढरकवड्यावरून, टिपेश्वरच्या जवळून जातो. याच महामार्गाचा नागपूरच्या उत्तरेचा भाग पेंचच्या जंगलाला छेदून जातो. तेथे रस्ता रुंद करताना प्राण्यांसाठी पुलांखालून मोकळ्या वाटा ठेवण्यात आल्या. अशी नऊ ठिकाणे आहेत. वर मोटारी धावत असतात आणि खालून चितळ, रानकुत्री, एखादा वाघसुद्धा आपल्या गतीने पलीकडे जातो. तेथे बसविलेल्या कॅमेऱ्यांनी हे टिपून ठेवले आहे. रस्ता माणसाला हवा होता, वाट प्राण्याला हवी होती. थोडा खर्च आणि थोडा विचार यांनी दोघांचेही काम झाले.

वाटेचे हे ज्ञान शास्त्रज्ञांच्या कपाटात राहून भागणार नाही. ते गुराख्यापर्यंत पोचले, तर आज कोणत्या नाल्याकडे गुरे नेऊ नयेत, हे त्याला कळेल. ते कापूस वेचणाऱ्या बाईपर्यंत पोचले, तर ती चार जणींच्या सोबतीने, बोलत-बोलत, उजाडल्यावर शेतात उतरेल. गावाला कळले, तर वाघ दिसताच पाचशे माणसांनी काठ्या घेऊन त्याच्याभोवती कडे करण्याऐवजी त्याला निघून जाण्यास वाट मोकळी मिळेल. घेरलेला वाघ धोक्याचा असतो. वाट मिळालेला वाघ वाटसरू असतो. ज्या जिल्ह्याने वाघामुळे मृत्यू पाहिले आहेत, त्या जिल्ह्यातील मुलांना तरी ही गोष्ट फोड करून सांगण्याची गरज नाही.

टिपेश्वरचे वाघ आजही घर सोडून निघतात. डिसेंबर २०२४ मध्ये दूर धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात एका वाघाचे छायाचित्र कॅमेऱ्यात उमटले. जेथे वाघाची चाहूलही कोणाला नव्हती, तेथे हा पाहुणा आला कोठून? जाणकारांनी त्याच्या अंगावरचे पट्टे जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिले, तेव्हा तो टिपेश्वरचा निघाला. त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता. शेकडो किलोमीटरांची त्याची वाट कोठून गेली, कोणत्या गावाच्या कुशीत त्याने दिवस काढला, कोणत्या शेतातून तो पहाटे निघून गेला, हे त्याचे त्यालाच ठाऊक. वॉकरच्या ठिपक्यांवरून आपण त्याचा अंदाज मात्र करू शकतो.

अशाच एखाद्या रात्री पुन्हा कापूस फुटलेला असेल. मचाणावरचा कास्तकार घोंगडी पांघरून बसलेला असेल. दूर नाल्याच्या अंगाला टिटवी एकाएकी ओरडेल, रोह्यांचा कळप कान टवकारून उधळेल, आणि मग सारे शिवार क्षणभर स्तब्ध होईल. पूर्वी अशा वेळी त्या कास्तकाराच्या मनात फक्त भीती उभी राहत असे. आताही तो शेकोटीत लाकूड सारील, डबा जोराने वाजवील आणि उजाडेपर्यंत खाली उतरणार नाही. तेच शहाणपणाचे आहे. परंतु सकाळी तो शेजाऱ्यांना बोलावून नाल्याच्या ओल्या मातीत उमटलेला पंजा दाखवील, आणि त्या नाल्याकाठच्या झाडीला यंदा कुऱ्हाड लावायची नाही, असे त्यांना बजावील.